माणसाविषयींचा पहिला ग्रह
(नभोवाणीवरील भाषण)



एखादा अनोळखी मनुष्य दारांत उभा राहिला, त्यानें नमस्कार केला व आपलें नांव सांगितलें, एवढ्या अवधींत घरांतील माणसांचें त्याच्याविषयीं कांहींतरी मत होऊन गेलेलें असतें. तो सज्जन दिसतो, आढ्यताखोर दिसतो, लाजाळू दिसतो, किंवा नुसताच विचित्र वाटतो. हें मत कशावरून झालें असें विचारलें, तर नेमकें सांगतां येत नाहीं. पोषाख, चालण्याची ढब, आवाजाची पट्टी, नजर, ओठांवरचें हसूं, बोलण्याआधींचा थोडासा थबकलेपणा, अशा बारीकसारीक गोष्टींतून तें आपोआप बनतें; आणि एकदां बनलें म्हणजे महिनेच्या महिने पुरतें. व्यवहारांत यालाच माणसाची पारख म्हणतात, आणि ही पारख स्वतःला उत्तम साधली आहे अशी बहुतेकांची समजूत असते.

ही पारख होते कशी, सर्व माणसें ती एकाच रीतीनें करतात काय, आणि ज्यांच्या मनाची घडण जन्मापासूनच निराळी असते त्यांच्या बाबतींत ती कितपत खरी ठरते, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं. कोणाला नोकरी मिळावी, कोणाला मित्र मिळावा, वर्गांत कोणाशेजारीं कोणी बसावें, हें पुष्कळदां या पहिल्या ग्रहावरच ठरत असतें.

प्रथम बहुसंख्य माणसांची रीत पाहूं. १९४६ सालीं अमेरिकेंत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानें एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें विद्यार्थ्यांच्या एका गटाला कोणा एका कल्पित मनुष्याचे गुण वाचून दाखविले: बुद्धिमान, कुशल, उद्योगी, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी व सावध. दुसऱ्या गटालाहि हीच यादी वाचून दाखविली. फक्त ‘प्रेमळ’ या शब्दाच्या जागीं ‘थंड’ असा शब्द घातला. बाकीचे सहा शब्द जसेच्या तसे ठेवले. नंतर हा मनुष्य कसा असेल असें विचारलें, तेव्हां पहिल्या गटांतील शेंकडा ९० हून अधिक विद्यार्थ्यांनीं तो उदार असेल असें सांगितलें. दुसऱ्या गटांत तसें म्हणणारे शेंकडा १० देखील भरले नाहींत. यादींत उदारपणाचा उल्लेखहि नव्हता. एका शब्दाच्या ऊबेनें किंवा गारठ्यानें सारें चित्र पालटून गेलें.

हें चित्र किती त्वरेनें तयार होतें तें पुढील काळांतील एका प्रयोगानें दाखविलें. २००६ सालीं प्रिन्स्टन विश्वविद्यालयांतील जनीन विलिस व अलेक्झांडर तोदोरोव्ह यांनीं लोकांना अनोळखी चेहऱ्यांचीं छायाचित्रें एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका वेळ दाखविलीं, आणि हा मनुष्य विश्वासू वाटतो काय, कर्तबगार वाटतो काय, असे प्रश्न विचारले. तेवढ्या निमिषांत झालेलें मत आणि हवा तितका वेळ पाहून झालेलें मत यांचा चांगलाच मेळ बसला. वेळ वाढवून दिला तेव्हां मत फारसें बदललें नाहीं. तें बरोबर आहे ही खात्री मात्र वाढली. निकाल आधीं लागावा आणि खात्री मागाहून यावी, असा हा क्रम आहे.

चेहरा नसला तरी हें मन थांबत नाहीं. १९४४ सालीं फ्रिट्झ हायडर व मेरिआन सिमेल यांनीं एक लहानसा चित्रपट तयार केला. त्यांत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण व एक वर्तुळ, एवढ्याच आकृति एका चौकटीच्या आंतबाहेर हालत असत. पाहणाऱ्या ३४ जणांना काय दिसलें तें लिहावयास सांगितलें. एका व्यक्तीनें तेवढें निव्वळ भूमितीच्या भाषेंत लिहिलें. बाकी सर्वांना तेथें जिवंत प्राणी दिसले, आणि बहुतेकांना तर माणसें दिसलीं: मोठा त्रिकोण दांडगा, लहान त्रिकोण धीट, वर्तुळ घाबरलेलें. ज्या मनाला त्रिकोणांतहि स्वभाव दिसतो, त्याला एखाद्याच्या खालीं गेलेल्या नजरेंत संबंध चरित्र दिसावें, यांत नवल नाहीं.

आतां दुसऱ्या घडणीकडे वळूं. ज्यांच्या मेंदूची व मज्जासंस्थेची घडण बहुसंख्यांहून निराळी असते, अशा व्यक्तींना अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात, व बहुसंख्य घडणीच्या व्यक्तींना ‘न्यूरोटिपिकल’. पहिल्या वर्गांत अक्षरांशीं झगडावें लागणारीं डिस्लेक्सियाचीं मुलें येतात, लक्ष एके ठिकाणीं ठरविणें ज्यांना जड जातें तीं एडीएचडीचीं मुलें येतात, आणि ऑटिझम असलेल्या व्यक्तीहि येतात. माणसामाणसांतील ग्रहांचा प्रश्न या शेवटच्या व्यक्तींच्या बाबतींत सर्वांत तीव्र होतो. म्हणून पुढील विवेचन तेवढ्यापुरतेंच ठेवलें आहे.

अशा सहा मुलांचें काळजीपूर्वक वर्णन मॉस्को येथील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा या बाईंनीं १९२५ सालींच प्रसिद्ध केलें होतें. पुढें १९४३ सालीं बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांविषयींचा आपला निबंध लिहिला, आणि १९४४ सालीं व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर यांचा निबंध निघाला. ‘ऑटिझम’ हा शब्द मात्र त्यांच्यापूर्वींचा. स्वित्झर्लंडमधील मनोरोगतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनीं तो निराळ्याच एका मनोविकाराच्या वर्णनासाठीं घडविला होता. ‘स्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशीं आहे, आणि मराठींतील ‘स्वमग्नता’ हा शब्दहि त्याच वाटेनें आला.

हा शब्द नीट न्याहाळला, तर त्यांत त्या मुलापेक्षां त्याला पाहणाऱ्याचाच ग्रह अधिक दिसतो. मूल हांकेला ओ देत नाहीं, डोळ्याला डोळा भिडवीत नाहीं, तेव्हां तें स्वतःमध्येंच बुडालेलें असावें, असें बघणाऱ्यानें ठरविलें. प्रत्यक्षांत तें मूल पंख्याच्या घरघरीनें बेजार झालेलें असूं शकेल. कदाचित् समोरचा चेहरा पाहणें व त्याचे शब्द ऐकणें हीं दोन कामें एकाच वेळीं झेपत नसल्यामुळें, शब्द नीट ऐकूं यावे म्हणूनच त्यानें नजर वळविली असेल. अनेक स्वमग्न प्रौढांनीं स्वतः असें सांगितलें आहे. म्हणजे ज्याला लोक दुर्लक्ष म्हणतात, तें कित्येकदां लक्ष देण्याचेंच साधन असतें.

मग स्वमग्न मनुष्य दुसऱ्याविषयीं मत बनवितो तरी कसें? हायडर व सिमेल यांचा तो त्रिकोणांचा चित्रपट आमी क्लिन या मानसशास्त्रज्ञांनीं स्वमग्न व्यक्तींना दाखविला व आपले निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध केले. त्या व्यक्तींच्या वर्णनांत हेतु, भावना, भांडण, कारस्थान हे शब्द पुष्कळ कमी आले. आकृति कशा हालल्या हें अधिक आलें. कोणी म्हणेल, ही उणीव झाली. परंतु पडद्यावर खरोखर त्रिकोणच होते, हेंहि विसरूं नये.

अमेरिकेंतील पशुशास्त्राच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. १९९५ सालच्या आपल्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ या पुस्तकांत त्यांनीं आपल्या मनाची रीत वर्णिली आहे. पूर्वीं पाहिलेले प्रसंग त्यांच्या मनांत चित्रफितींसारखे साठविलेले असतात, आणि नवा प्रसंग आला म्हणजे त्या फिती काढून त्यांच्याशीं त्या तो ताडून पाहतात. बहुसंख्य मनुष्य जें एका दृष्टिक्षेपांत ‘ओळखतो’, तें येथें अनुभवांचा ढीग समोर मांडून शोधून काढावें लागतें. सर्वच स्वमग्न व्यक्ति चित्रांनीं विचार करतात असें नाहीं. पण मनुष्य काय बोलला, दिलेला शब्द त्यानें पाळला काय, त्याला कोणत्या विषयांत गोडी आहे, अशा उघड पुराव्यावर पुष्कळांचा भर असतो. आणि मत व्हावयास वेळ लागतो.

या रीतीलाहि तिचे धोके आहेत, आणि ते झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जो शब्द शब्दशः घेतो तो थट्टेनें दुखावतो, आणि गोड बोलणाऱ्या लबाडाकडून लौकर फसतो. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, अजाणतां दुसऱ्याला इजा करणाऱ्या माणसाच्या गोष्टी दोन्ही प्रकारच्या प्रौढांना देण्यांत आल्या. उदाहरणार्थ, साखर समजून कोणी दुसऱ्याच्या पेयांत विषारी पूड घातली. बहुसंख्य घडणीच्या प्रौढांनीं त्याच्या निर्दोष हेतूला जितकें वजन दिलें, तितकें स्वमग्न प्रौढांनीं दिलें नाहीं. घडलेल्या परिणामाकडे त्यांचें लक्ष अधिक गेलें. तेव्हां चूक दोन्हीं रीतींनीं होते. एक रीत हेतु नसतां हेतु पाहते, तर दुसरीच्या नजरेंतून असलेला हेतु केव्हां केव्हां निसटतो.

परंतु फार वर्षें दोष एकाच बाजूचा मानला गेला. १९८५ सालीं लंडन येथें सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ यांनीं मुलांना दोन बाहुल्यांचा एक खेळ दाखविला. सॅली आपली गोटी टोपलींत ठेवून बाहेर जाते; तिच्या मागें ॲन ती गोटी काढून पेटींत लपविते; सॅली परत आल्यावर गोटी कोठें शोधील? टोपलींत, हें बरोबर उत्तर. कारण सॅलीला बदल ठाऊक नाहीं. २० स्वमग्न मुलांपैकीं १६ मुलांनीं पेटीकडे बोट दाखविलें. यावरून, या मुलांना दुसऱ्याच्या मनांतलें कळत नाहीं, असा सिद्धान्त प्रसृत झाला. प्रयोग नामांकित होता व आहे. पण त्यांतून लोकांनीं एक पुढचीच उडी घेतली. स्वमग्नाला इतरांचें मन कळत नाहीं एवढेंच सर्वजण बोलूं लागले. इतरांना स्वमग्नाचें मन कितपत कळतें, हें विचारावयाचें राहून गेलें.

तो प्रश्न २०१२ सालीं इंग्लंडमधील डेमियन मिल्टन यांनीं ठामपणें मांडला. मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, समजुतीची फारकत ही दोन पक्षांमधील आहे. निराळ्या घडणीचीं दोन मनें समोरासमोर आलीं म्हणजे दोघांनाहि एकमेकांचा अंदाज येत नाहीं. मात्र जो पक्ष संख्येनें मोठा, त्याची चूक चूक म्हणून मोजली जात नाहीं.

या म्हणण्याला प्रयोगाचा आधार लौकरच मिळाला. २०१७ सालीं टेक्सास विश्वविद्यालयाच्या डॅलस येथील शाखेंतील नोआ सॅसन व त्यांचे सहकारी यांनीं स्वमग्न व इतर प्रौढांच्या बोलण्याचे अगदीं लहान तुकडे टिपून घेतले, आणि कोण स्वमग्न आहे हें न सांगतां ते लोकांपुढें ठेवले. कांहींना आवाजासह चलच्चित्र दाखविलें, कांहींना आवाजाविना. कांहींना नुसता आवाज ऐकविला, कांहींना एकच स्थिर छायाचित्र दिलें. प्रत्येक प्रकारांत स्वमग्न व्यक्तींविषयीं मत प्रतिकूल झालें. अशा माणसाशीं बोलावें किंवा त्याच्या शेजारीं राहावें, अशी इच्छा पाहणाऱ्यांना कमी झाली. मग त्यांचें तेंच बोलणें कागदावर उतरवून कांहीं लोकांना वाचावयास दिलें. तेव्हां हा फरक नाहींसा झाला.

श्रोत्यांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करावा. बोलण्यांतील आशयांत कांहीं उणें नव्हतें. उणेपणा ज्याला वाटला तो सुरांत, हातवाऱ्यांत, चेहऱ्याच्या ठेवणींत वाटला. आवाज थोडा सपाट असेल, हसूं यावयाच्या जागीं आलें नसेल, उत्तराला दोन क्षण उशीर झाला असेल, एवढ्यावरून मनुष्य नापसंत झाला. आणि काय बोलला हें कोणी जमेस धरलें नाहीं.

आतां एक शंका येते. हा अवघडलेपणा स्वमग्न व्यक्तींना एकमेकांत दिसत नाहीं काय? त्याच संशोधकमंडळींपैकीं केरिआन मॉरिसन व इतर यांनीं २०२० सालीं याचें उत्तर दिलें. त्यांनीं १२५ प्रौढांच्या जोड्या लावल्या. कांहीं जोड्यांत दोघेहि स्वमग्न होते, कांहींत एकच, व कांहींत एकहि नव्हता. अनोळखी अशा दोघांनीं पांच मिनिटें मोकळेपणीं बोलावें व मग एकमेकांविषयींचें मत द्यावें, असें ठरलें. स्वमग्न मनुष्य अवघडलेला दिसतो, ही नोंद स्वमग्न व इतर दोघांनींहि सारखीच केली. भेद पुढें पडला. इतर माणसांनीं पुढील भेटीसाठीं आपल्यासारख्यांनाच पसंती दिली. स्वमग्न व्यक्तींचा कल उलट स्वमग्न जोडीदाराकडे झुकला, आणि आपल्याविषयींच्या गोष्टीहि त्यांनीं त्यालाच अधिक सांगितल्या.

या भाषणांत सांगावयाची मुख्य गोष्ट हीच आहे. दोन्ही घडणींच्या माणसांना दिसतें तें एकच. परंतु दिसलेल्या गोष्टीचा अर्थ दोघे निराळा लावतात. एकाला अवघडलेपणा म्हणजे दूर राहण्याचें कारण वाटतें. दुसऱ्याला ती केवळ एक खूण वाटते, आणि तो गोष्टी पुढें चालू ठेवतो. त्यामुळें ‘हा मनुष्य विचित्र आहे’ आणि ‘हा मनुष्य नको’ हीं दोन वाक्यें एकत्र चिकटलेलीं असलींच पाहिजेत, असें मुळींच नाहीं. बहुसंख्य मनानें तीं संवयीनें चिकटविलीं आहेत, आणि जें संवयीनें चिकटतें तें प्रयत्नानें सोडवितां येतें.

स्वमग्न माणसें एकमेकांशीं कशीं बोलतात हें एडिंबरो येथील कॅथरीन क्रॉम्प्टन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कानगोष्टींच्या खेळासारख्या प्रयोगानें तपासलें. आठ आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट पहिल्याकडून शेवटच्यापर्यंत न्यावयाची. २०२० सालच्या प्रयोगांत मिश्र साखळ्यांतून गोष्टीचा तपशील अधिक वेगानें गळला. ३०० हून अधिक लोकांवर केलेला असाच मोठा प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मात्र मिश्र साखळ्यांचा तो तोटा आढळला नाहीं. म्हणून त्याविषयीं घाईनें बोलणें योग्य नव्हे. परंतु दोन्ही वेळां एक गोष्ट कायम राहिली: केवळ स्वमग्न व्यक्तींची साखळी इतरांच्या साखळीहून कमी भरली नाहीं. ज्यांना संवादच साधत नाहीं असें म्हटलें जाई, त्यांच्यांत संवाद उत्तम चालला होता.

मग ही गांठ सुटावी कशी? ज्ञानानें ती थोडी तरी सैल होते, असें दिसतें. सॅसन व मॉरिसन यांनीं २०१९ सालीं छापून निघालेल्या एका प्रयोगांत पाहणाऱ्यांना आधींच सांगितलें कीं समोरची व्यक्ति स्वमग्न आहे. तेव्हां लोकांचीं मतें सुधारलीं. आणि ज्यांना या विषयाची माहिती अधिक होती त्यांचीं मतें अधिक अनुकूल झालीं. पण सांगण्याचें ओझें कोणावर पडतें, हाहि विचार केला पाहिजे. घरोघरीं आईबाप ही गोष्ट झांकतात. भावंडांचीं लग्नें जमावयाचीं असतात. तरुण मुलगा स्वतःच ती झांकतो. आरशापुढें हसण्याचा सराव करतो, समोरच्याच्या भुंवयांकडे पाहून नजर भिडविल्याचा भास निर्माण करतो, आणि सायंकाळीं थकून घरीं येतो. त्याचा दिवस कामापेक्षां या सोंगानेंच अधिक खर्ची पडतो.

नजरेचीच गोष्ट घ्या. महाराष्ट्रांतील जुन्या वळणाच्या घरांत वडीलधाऱ्यांपुढें मान खालीं घालून बोलणें हा विनय समजला जाई. डोळ्याला डोळा भिडविणाऱ्या मुलाला उर्मट म्हणत. तोच मुलगा पुढें कचेरींत मुलाखतीला गेला, म्हणजे खालीं पाहण्याबद्दल त्याचे गुण कापले जातात. नजर तीच, अर्थ मात्र उंबरठा ओलांडतांच बदलला. ज्या समाजानें एका पिढींत हा अर्थ उलटा केला, त्याला नजरेच्या आणखी एका अर्थाची ओळख करून घेणें जड जाऊं नये.

डेन्मार्कमध्यें थोरकिल सोन्ने या गृहस्थांनीं २००४ सालीं ‘स्पेशलिस्टर्ने’ नांवाची संस्था काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. नोकरीसाठीं आलेल्या स्वमग्न उमेदवाराला मुलाखतीच्या खुर्चींत बसविण्याऐवजीं लेगोचे भाग जोडून यंत्रमानव तयार करावयास ते देऊं लागले. उमेदवार कसा बोलतो हें न पाहतां, तो काम कसें करतो हें पाहावयाचें. पुढें एसएपी या जर्मन कंपनीनें २०१३ सालीं त्यांच्या साहाय्यानें स्वमग्न व्यक्तींना कामावर घेण्याची योजना सुरू केली.

भारतांत २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें स्वमग्नतेला स्पष्ट स्थान दिलें आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं किमान ४ टक्के जागा राखून ठेवाव्या असें त्यांत सांगितलें असून, त्यांपैकीं १ टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविध दिव्यांगता यांना मिळून आहेत. कायदा दार उघडतो. दारांतून आंत आलेल्या माणसाकडे पहिल्या निमिषांत कसें पाहावें, हें मात्र कोणत्याहि कलमांत लिहितां येत नाहीं. तें पाहणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें.

त्यासाठीं फार मोठें कांहीं करावें लागत नाहीं. मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशीं लेखी द्यावे. शिक्षकानें विद्यार्थ्याच्या तोंडाकडे पाहण्याआधीं त्याची वही पाहावी. उत्तर यावयास उशीर लागला तर दहा आंकडे मनांत मोजीपर्यंत वाट पाहावी. सूचना सूचकपणें न देतां सरळ शब्दांत द्यावी. ‘जरा उजेड कमी वाटतो’ असें म्हणण्याऐवजीं ‘खिडकी उघड’ असें सांगावें. आणि कोणाविषयीं मत फार लौकर झालें असें वाटलें, तर तो काय बोलला तें कागदावर लिहून पुन्हां एकदां वाचावें. सॅसन यांच्या प्रयोगांत नुसत्या कागदानें जें साधलें, तें घरांत व कचेरींतहि साधण्यासारखें आहे.

पहिला ग्रह कोणालाहि टाळतां येत नाहीं. तो निमिषांत होतो, आणि मनुष्यस्वभाव कांहीं प्रयोगांनीं बदलत नाहीं. मात्र तो ग्रह हा पहिला आहे, शेवटचा नव्हे, एवढी आठवण ठेवणें प्रत्येकाच्या हातीं आहे. तेवढी आठवण राहिली, तर आज खोलीच्या कोंपऱ्यांत खालीं मान घालून बसलेला एखादा तरुण उद्यां आपल्या आवडत्या विषयावर तासभर बोलूं लागेल, आणि त्याला विचित्र म्हणणाऱ्यांपैकीं एखादा तें बसून ऐकेल.